‘पॉइंट फुकटचेच होते, मग ओरडता कशाला?’

हॉटेलच्या एखाद्या साखळीने लॉयल्टी प्रोग्रॅमचे, म्हणजे राहण्यावर पॉइंट देऊन ते पुढच्या रात्रींसाठी वापरू देणाऱ्या योजनेचे, नियम बदलले आणि नेहमी प्रवास करणारे लोक चिडले की एक ठरावीक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो. पॉइंट ही साखळीने खुशीने दिलेली बक्षिसी आहे. नियम कधीही बदलू, असं अटींमध्ये आधीच लिहिलेलं असतं. खोल्या महागल्या, तर पॉइंटही जास्त लागणारच. डायनॅमिक दरांमुळे, म्हणजे मागणीप्रमाणे रोज बदलणाऱ्या पॉइंटच्या दरांमुळे, उलट काही दिवस स्वस्तात राहता येतं. ओरडणारे बहुतेक कंपनीच्या पैशांनी फिरणारे असतात. आणि पटत नसेल तर दुसरी साखळी धरा, ओरडून काही होत नाही.

मी कामासाठी सतत फिरतो आणि वर्षाचा बराच काळ हॉटेलांत काढतो. हा मजकूर मला ओळखीच्या अनेकांनी पाठवला. त्यातले काही मुद्दे अर्धे खरे आहेत आणि म्हणूनच ते पटकन पटतात. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. एकेक मुद्दा घेतो.

‘पॉइंट फुकट मिळतात.’ सगळा मजकूर या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. मोठ्या साखळ्या स्वतःच्या नावाने चालणाऱ्या बहुतेक हॉटेलांच्या मालक नसतात. इमारत दुसऱ्याची असते, साखळी नाव देते, बुकिंगची यंत्रणा देते आणि लॉयल्टी प्रोग्रॅम चालवते. सभासद हॉटेलात राहिला की त्याच्या बिलाचा काही टक्के हिस्सा हॉटेलमालकाला प्रोग्रॅमकडे भरावा लागतो. हा खर्च मालक खिशातून घालत नाही, तो खोलीच्या दरात धरलेला असतो. म्हणजे पॉइंटचे पैसे बिल भरतानाच आपण दिलेले असतात.

पुढे आपण पॉइंट वापरून एक रात्र घेतली, की प्रोग्रॅम त्या रात्रीचे पैसे हॉटेलला देतो. सर्वसाधारण पद्धत अशी की हॉटेल जवळपास भरलेलं असेल तर नेहमीच्या दराच्या आसपास रक्कम मिळते आणि खोल्या रिकाम्या असतील तर बरीच कमी. गर्दीच्या दिवशी पॉइंटवर खोली द्यायला प्रोग्रॅमला महाग पडतं ते यामुळेच. ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हिशेबाच्या वह्याही हेच सांगतात. २०१८ पासून लागू झालेल्या महसूलविषयक आंतरराष्ट्रीय लेखामानकानुसार ग्राहकाने भरलेल्या पैशातला पॉइंटपोटीचा भाग लगेच उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही, पॉइंट वापरले जाईपर्यंत किंवा बुडेपर्यंत तो बाजूला ठेवावा लागतो. मॅरियट या मोठ्या साखळीच्या ताळेबंदात लॉयल्टी प्रोग्रॅमचं देणं अशी स्वतंत्र ओळ असते आणि ती रक्कम अब्जावधी डॉलरची असते. बक्षिसीचं देणं कोणी ताळेबंदात दाखवत नाही.

२०२० मध्ये हॉटेलं ओस पडली तेव्हा काय झालं तेही पाहा. हिल्टन या साखळीने अमेरिकन एक्सप्रेस या क्रेडिट कार्ड कंपनीला १०० कोटी डॉलरचे पॉइंट आगाऊ विकले. मॅरियटने अमेरिकन एक्सप्रेस आणि जेपी मॉर्गन चेस बँक यांच्याशी असलेल्या, हॉटेलचे पॉइंट देणाऱ्या क्रेडिट कार्डांच्या करारांतून ९२ कोटी डॉलर उभे केले. खोल्या विकल्या जात नव्हत्या तेव्हाही पॉइंट विकले जात होते. सर्वसामान्य सभासदालाही साखळ्या थेट पॉइंट विकतात, मॅरियटचा छापील भाव दर हजार पॉइंटांना साडेबारा डॉलर असा राहिला आहे. विकताना ज्याला किंमत आहे त्याला परत घेताना ‘फुकटचं’ म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

‘अटींमध्ये लिहिलेलं होतं.’ हो, लिहिलेलं असतं. बहुतेक प्रोग्रॅमच्या अटींमध्ये साखळीला नियम बदलण्याचा, प्रसंगी पूर्वसूचना न देताही बदलण्याचा अधिकार असतो. सही न करता आपण तो मान्य केलेला असतो. पण या मुद्द्याच्या आधाराला ज्या न्यायालयीन निकालाचं नाव घेतलं जातं, तो नीट वाचायला हवा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग या खटल्यात विमान कंपनीच्या बाजूने निकाल दिला. प्रोग्रॅममधून काढून टाकलेल्या सभासदाचा ‘कंपनी सचोटीने वागली नाही’ हा दावा टिकला नाही. मात्र त्या निकालाला आधार होता विमान वाहतुकीच्या १९७८ च्या नियंत्रणमुक्ती कायद्याचा. तो कायदा विमान कंपन्यांसाठी आहे, हॉटेलांसाठी नाही. आणि त्याच विमान कंपन्यांपैकी चार मोठ्या कंपन्यांच्या प्रोग्रॅमची अमेरिकेच्या वाहतूक खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशी सुरू केली, पॉइंटचं मूल्य घटवणं हा त्या चौकशीचा एक विषय होता. ‘अटींमध्ये लिहिलंय’ एवढ्यावर प्रश्न मिटत असता तर सरकारी खात्याने माहिती मागवली नसती.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. खरी तक्रार नियम बदलण्याची नाही, मागे जाऊन बदलण्याची आहे. समजा, एका डॉलरला दहा पॉइंट मिळतात आणि ४०० डॉलरची खोली ५०,००० पॉइंटांना मिळते. म्हणजे ५,००० डॉलर खर्च केल्यावर ४०० डॉलरची रात्र हाती येते, सरळ आठ टक्के परतावा. हे पाहून मी त्या साखळीत राहतो. शेजारचं हॉटेल थोडं स्वस्त असलं तरी तिथे जात नाही. पॉइंट जमतात, आणि एका सकाळी तीच खोली ७०,००० पॉइंटांची झालेली असते. आता त्याच खोलीसाठी ७,००० डॉलरचा खर्च लागतो आणि परतावा पावणेसहा टक्क्यांच्या आत येतो. उद्यापासून राहणाऱ्यासाठी हा नवा व्यवहार आहे, त्याला पटला तर तो करेल. पण माझा व्यवहार झालेला आहे, पैसे भरून झालेले आहेत, आणि मोबदला त्यानंतर कमी केला आहे. हा फरक मजकूर लिहिणाऱ्यांनी कुठेच लक्षात घेतलेला नाही.

‘महागाई सगळीकडे आहे.’ हा मुद्दा मी थोडा मान्य करतो. खोलीचे दर वाढले आणि पॉइंटचा तक्ता, म्हणजे कोणत्या श्रेणीच्या हॉटेलला किती पॉइंट लागतील याची जाहीर यादी, तीच राहिली, तर एका पॉइंटमध्ये आधीपेक्षा जास्त किमतीची खोली मिळते. शिवाय पॉइंट डॉलरवर मिळत असल्याने महागलेल्या बिलावर ते जास्त जमतात. म्हणजे प्रोग्रॅमवर दोन्हीकडून भार येतो आणि अधूनमधून तक्ता वर सरकवणं भाग असतं, ते कोणीही समजून घेईल.

पण वाढ किती, याला काही प्रमाण हवं. हिल्टनने २०१७ मध्ये तक्ता काढून टाकला तेव्हा सर्वात वरच्या श्रेणीतल्या साध्या खोलीची कमाल मर्यादा ९५,००० पॉइंट होती. आज त्यांच्या काही सर्वात महागड्या हॉटेलांत साधी खोली दोन लाखांच्या घरात गेली आहे. मूळ कमाई मात्र त्यांच्या बहुतेक हॉटेलांत डॉलरमागे दहा पॉइंटच आहे.

‘डायनॅमिक दरांमुळे स्वस्तही मिळतं.’ हिल्टनपाठोपाठ आयएचजी ही साखळी त्याच वाटेने गेली आणि मॅरियटने मार्च २०२२ मध्ये तक्ता काढून टाकला. त्याआधी मॅरियटची आठ श्रेणींची रचना होती आणि आठव्या श्रेणीत कमी गर्दीच्या दिवशी ७०,०००, एरवी ८५,००० आणि गर्दीच्या दिवशी एक लाख पॉइंट लागत. एक लाखावर आकडा जाणार नाही, हे सभासदाला माहीत असायचं. आता वरची मर्यादाच नाही.

काही दिवस आकडा खाली येतो, हे खरं आहे. पण तो कधी खाली येतो? हॉटेल रिकामं असतं तेव्हा, आणि त्याच दिवशी रोखीचा दरही खाली आलेला असतो. स्वस्त खोलीसाठी पॉइंट कोण मोडतो? पॉइंट साठवून ठेवायचे ते सुट्ट्यांसाठी, मोठ्या परिषदेच्या आठवड्यासाठी, रोखीचा दर दुप्पट-तिप्पट होतो त्या रात्रींसाठी. वर सांगितल्याप्रमाणे त्याच रात्री प्रोग्रॅमला महाग पडतात. पूर्वी तो भार प्रोग्रॅम उचलायचा, आता तो सभासदावर ढकलला आहे. डायनॅमिक दरांचं मुख्य काम हेच आहे, स्वस्त रात्री त्यासोबत आपोआप येतात.

याचा सर्वात जास्त जाच होतो फ्री नाइट सर्टिफिकेट वापरताना. कार्डाच्या वार्षिक शुल्काबरोबर किंवा ठरावीक रात्री पूर्ण केल्यावर हे सर्टिफिकेट मिळतं आणि त्यावर मर्यादा असते, उदाहरणार्थ ५०,००० पॉइंटांपर्यंतची कोणतीही खोली. तक्ता होता तेव्हा हॉटेलची श्रेणी पाहिली की सर्टिफिकेट चालेल की नाही ते कळायचं. आता कॅलेंडर उघडायचं आणि एकेक तारीख तपासत बसायचं. मंगळवारी ४८,०००, बुधवारी ५१,०००, शुक्रवारी ६६,०००. आपल्याला शुक्रवारच हवा असतो. मॅरियटने २०२२ पासून सर्टिफिकेटमध्ये स्वतःचे १५,००० पर्यंत पॉइंट घालायची सोय दिली, ती चांगली आहे, पण ५०,००० अधिक १५,००० म्हणजे ६५,०००, आणि शुक्रवार त्याच्याही एक हजार पुढे. सर्टिफिकेटला मुदत असते. ती संपत आली की माणूस नको त्या गावात, नको त्या रात्री ते वापरून टाकतो, नाहीतर ते तसंच बुडतं. माझं एक असंच बुडालं. ज्या साखळीचं होतं तिच्या मदतकेंद्रावरची बाई मनापासून शोधत होती, तिलाही मर्यादेत बसणारी रात्र सापडली नाही.

आणखी एक नुकसान आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तक्ता असताना वाढ जाहीर करावी लागायची. अमुक इतकी हॉटेलं वरच्या श्रेणीत गेली, अशी यादी निघायची आणि लोक ती तपासायचे. आता आकडा रात्रीतून बदलतो आणि घोषणाच नसते. तराजू दुकानदाराकडे होताच, आता वजनांवरचे आकडेही पुसले आहेत.

‘ओरडणारे कंपनीच्या पैशांनी फिरतात.’ काही फिरतात. मग? घरापासून दूर काढलेली रात्र त्या माणसाची असते, आणि कंपनीचा प्रवासी आपल्याकडे यावा म्हणूनच साखळीने त्या माणसाच्या नावावर पॉइंट देऊ केले. शिवाय स्वतःचा धंदा करणारे, स्वतःच्या कार्डावर घरखर्च टाकून पॉइंट जमवणारे आणि रोख पैसे देऊन पॉइंट विकत घेणारे यात भरपूर आहेत.

‘पटत नसेल तर दुसरीकडे जा.’ जाताना बरोबर काय नेता येतं? पॉइंट नाहीत. स्टेटसही, म्हणजे वर्षात ठरावीक रात्री राहिल्यावर मिळणारा सभासदाचा दर्जाही, जवळपास नाही. स्टेटस मॅच, म्हणजे नव्या साखळीने तोच दर्जा देणं, मिळाला तरी तो बहुधा काही महिन्यांचा असतो आणि टिकवायचा तर ठरावीक रात्री नव्याने भराव्या लागतात. आजीवन दर्जाकडे नेणाऱ्या रात्री तर पूर्ण सोडून द्याव्या लागतात. मॅरियटमध्ये आजीवन प्लॅटिनमसाठी ६०० रात्री आणि प्लॅटिनम दर्जाची दहा वर्षं लागतात. एवढं आयुष्य कोणी दुसऱ्या साखळीत नव्याने सुरू करत नाही, आणि साखळ्यांना ते ठाऊक आहे. त्या वाटेवरही नियम बदलतातच. स्टारवूड ही साखळी २०१६ मध्ये मॅरियटकडे गेली, २०१८ मध्ये दोन्हींचे प्रोग्रॅम एक झाले, आणि त्या वर्षाअखेर आजीवन टायटॅनियम हा प्लॅटिनमच्या वरचा दर्जा नव्याने मिळवण्याचा मार्ग बंद झाला. त्याच्या जवळ पोचलेले लोक जागच्या जागी अडकले. पर्याय म्हणून ज्या स्टारवूडचं नाव लोक घ्यायचे, तीच या व्यवहारात संपली.

दुसरी साखळी तरी वेगळी कुठे आहे? एकीने तक्ता काढून टाकला की दुसरीही काढून टाकते. हयात या साखळीने तो इतरांपेक्षा जास्त काळ टिकवला, पण तिथेही मार्च २०२२ पासून गर्दीचे आणि बिनगर्दीचे दर वेगळे झाले. स्टेटसचं नाव तेच ठेवून आतली सोय बदलण्याचेही प्रकार होतात. हिल्टनने जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हॉटेलांत गोल्ड आणि डायमंड सभासदांचा मोफत नाश्ता काढून त्याजागी खाण्यापिण्यासाठी ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. अनेक हॉटेलांत त्या रकमेत पूर्ण नाश्ता बसत नाही.

‘ओरडून काही होत नाही.’ सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टा या विमान कंपनीने आपल्या प्रोग्रॅममध्ये मोठे बदल जाहीर केले. सर्वात वरच्या दर्जासाठी वर्षाला ३५,००० डॉलरचा खर्च आणि लाउंजमध्ये जाण्यावर कडक मर्यादा. सभासद इतके संतापले की काही दिवसांतच कंपनीचे प्रमुख एड बॅस्टियन यांनी आपण जरा जास्तच पुढे गेलो, असं जाहीरपणे मान्य केलं. ऑक्टोबरमध्ये ३५,००० चे २८,००० झाले आणि लाउंजच्या भेटीही वाढवून मिळाल्या. सगळं मागे घेतलं नाही, पण जे सुटलं ते लोकांनी पत्रं लिहिली, कार्डं बंद केली, दुसऱ्या कंपनीची तिकिटं काढली म्हणून सुटलं.

हॉटेलांच्या बाबतीतही मागणी अवाजवी नाही. पॉइंट वाढवायचे तर वाढवा, पण काही महिने आधी सांगा. बदल जाहीर होण्याआधी खात्यात असलेले पॉइंट ठरावीक तारखेपर्यंत जुन्या दराने वापरू द्या. आणि प्रत्येक हॉटेलचा वर्षातला सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा छापा, म्हणजे सर्टिफिकेट घेण्याआधी ते कुठे चालेल हे सभासदाला पाहता येईल.