‘कोमट प्रतिसाद’ आणि तुमचे दोन आक्षेप

नमस्कार. मागच्या लेखात मी ‘नाटकाला कोमट प्रतिसाद मिळाला’ असं लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, हे इंग्रजी ‘ल्यूकवॉर्म’चं उसनं भाषांतर आहे, शिवाय ‘कोमट’ हा सरळसरळ संस्कृत ‘कोष्ण’वरून आलाय, तेही मी सांगितलं नाही.

दुसरा आक्षेप आधी घेतो. ‘कोष्ण’ म्हणजे किंचित ऊन, हे खरंच. अमरकोशात कोष्ण, कवोष्ण, मन्दोष्ण, कदुष्ण अशी रांगच आहे, आणि ‘कवोष्ण’साठी पाणिनीने ‘कवं चोष्णे’ असं सूत्र दिलंय. पण ‘उष्ण’चं मराठीत ‘ऊन’ झालं. त्याच वाटेने ‘कोष्ण’ आला असता तर शेवटी ‘न’ राहिला असता. ‘म’ कुठून आणणार? ‘ट’ मला आंबट, खारट, कडवट यांच्या पंगतीतला वाटतो. नुसता अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळवायला मी तयार नाही.

आता ‘ल्यूकवॉर्म’. त्यातल्या ‘ल्यूक’चा संत लूकशी काही संबंध नाही, मध्ययुगीन इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच कोमट. उदासीनतेची उपमा गाजली ती बायबलमुळे. प्रकटीकरण 3:16 मध्ये लावदिकीयाच्या मंडळीला सुनावलंय, की तू ना उष्ण ना थंड, म्हणून तुला तोंडातून ओकून टाकीन. हे गाव आजच्या तुर्कस्तानात, देनिझलीजवळ. पलीकडे पामुक्कलेचे गरम झरे, दुसरीकडे कलस्सैचं गार पाणी, आणि लावदिकीयाच्या नशिबी मधलंच काहीतरी, असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. गंमत म्हणजे मराठी बायबलातही इथे ‘कोमट’च आहे. म्हणजे उसना असला तरी हा अर्थ माझ्या लेखातून मराठीत शिरलेला नाही!

तरीही तुमची तक्रार मला पटली, पण ती स्वयंपाकघरामुळे. आमच्याकडे विरजण लावताना आई दुधात करंगळी बुडवून बघायची. चटका बसला तर ‘थांब जरा’, गार लागलं तर पातेलं परत गॅसवर. बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपराने बघायचं, घसा धरला की कोमट पाण्याच्या गुळण्या. आपल्या घरात कोमट म्हणजे अगदी हवं तेवढं ऊन. त्याला नावं ठेवायला जीभ वळत नाही.

लेखात आता ‘टाळ्या बेताच्याच पडल्या’ असं केलंय.