मुन्नार, माझी सुट्टी आणि 'एक कोल्हापूरकर' यांचा राग

नमस्कार. मुन्नारच्या मुक्कामावर लिहिलेल्या लेखाखाली बाकीच्यांनी 'मस्त', 'लई भारी', 'खर्च किती आला ताई' एवढ्यावर आटपलं. तुम्ही मात्र 'एक कोल्हापूरकर' या नावाने चांगलं पानभर झाडलंत. ज्यांच्या नजरेतून ते सुटलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं: मी रिसॉर्टचं भाडं लपवलं, म्हणजे तिथे फुकट राहून आले असणार. एका रात्रीच्या भाड्यात तिथल्या चहाच्या मळ्यातल्या बाईचा महिना निघतो, आणि मी त्याच बाईचा फोटो टाकून खाली 'कष्टातही हसरे चेहरे' लिहिलं. गोऱ्या साहेबाने उभारलेली मजुरांची वसाहत आजही कंपनीचा मालक चालवतो आणि मी तिला 'हिरवा गालिचा' म्हणते. शिवाय महाराजांनी जिथे चहा लावून पाहिला तो पन्हाळा उशाला असताना एवढ्या लांब जायचं कारण काय, शाहू महाराजांच्या गावात राहून एवढंही कळत नाही का.

दोन दिवस राग आला होता. तिसऱ्या दिवशी फोटो पुन्हा उघडून बघितला आणि उत्तर लिहायला बसले.

आधी पैशाचं. फुकट नाही राहिलो. रात्रीला साडेचौदा हजार, दोन रात्री, अठरा टक्के करासकट ३४,२२०. त्यात सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण आलं. मसाज वेगळा होता, त्याचा आकडा ऐकूनच आमचे खांदे मोकळे झाले, करून घेतला नाही. पैसे लेकीने दिले, आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली म्हणून. भाडं लिहिलं नाही कारण लाज वाटली, हे खरं. तेव्हा ते आता लिहिलंय.

पन्हाळ्याचं म्हणाल तर पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे, हीच अडचण. तिथे जाऊन झोपलं तरी सासूबाईंचा फोन येणार, 'उतरताना वाटेत दही घे'. तीन दरवाजापाशी निम्मी पेठ भेटणार. एकदा आंबा घाटात राहायला गेलो होतो, तर नवऱ्याच्या ऑफिसातले चौघे शेजारच्याच खोलीत. विसाव्याला अंतर लागतं हो. मिरजेहून रेल्वेने एर्नाकुलम, तिथून गाडीने घाट चढत वर, एवढं लांब गेल्यावर कुठे फोन करणाऱ्यांनी आशा सोडली.

पण पन्हाळ्यावर शाहू महाराजांनी चहा लावून पाहिला होता, ही आठवण तुम्ही काढलीत ते बरं केलंत. चहा-कॉफीचे असे प्रयोग त्यांनी केले होते. मग आज आपल्या डोंगरांवर मळे का नाहीत? पाऊस कमी म्हणून नव्हे. गगनबावड्याला पडतो तेवढा पाऊस बघून चहाचं झाडही घाबरेल. गोम अशी की आपला पाऊस चार महिन्यांत सगळा ओतून मोकळा होतो आणि दिवाळीनंतर कातळ तापायला लागतो. चहाला आंबट माती, उतार आणि वर्षभर थोडं थोडं पाणी लागतं. मुन्नार दीड हजार मीटरवर, तिथे आपला मोसमी पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून परतीचा येतो, उन्हाळ्यातही सरी पडतात. त्यामुळे पालवी थांबत नाही आणि आठ-पंधरा दिवसांनी त्याच झुडपावर पुन्हा खुडणी येते.

आता 'गालिचा'. इथे तुम्ही मला पकडलंत, पण तुम्हाला वाटतं तिथे नाही. तुमचा राग गालिच्यावर बसून चहा पिणाऱ्यावर आहे. माझी चूक त्याच्याही आधीची आहे. मी अख्खा लेख 'निसर्गाच्या कुशीत' म्हणून लिहिला, आणि ते निसर्ग नव्हतंच. चहाचं झाड तसंच सोडलं तर दोन पुरुष उंच वाढतं. ते कमरेएवढं राहतं कारण दर चार-पाच वर्षांनी त्याची छाटणी होते, आणि वरचा भाग सपाट दिसतो कारण तो सतत खुडला जातो. मधे सावलीला सरळसोट उभे असतात ते सिल्व्हर ओक, तेही लावलेले, आणि मूळचे ऑस्ट्रेलियाचे. साडेचार किलोच्या आसपास ओला पाला सुकवून, चुरडून, भाजून किलोभर चहा हाती येतो. डोळ्यांना थंड वाटणारी ती हिरवाई म्हणजे बिनछपराचा कारखाना आहे. मी कारखान्याच्या आवारात बसून पाखरांचे आवाज ऐकत होते. आपल्याकडे साखर कारखान्याच्या यार्डात, बैलगाड्यांच्या रांगेत आरामखुर्ची टाकून कुणी 'काय शांतता आहे' म्हणालं, तर आपण त्याला काय म्हणू?

मालकाबद्दल मात्र तुमची माहिती जुनी आहे. तिथले बरेच मळे टाटांकडे होते. २००५ मध्ये त्यांनी ते कण्णन देवन हिल्स प्लांटेशन्स या नव्या कंपनीकडे दिले, आणि तिचे बहुतेक भागधारक मळ्यातले कामगारच आहेत. म्हणजे कागदावर त्या बाया मालकीण. ऐकायला झकास! पण २०१५ मध्ये त्याच मालकिणी रस्त्यावर बसल्या. तेव्हा रोजची मजुरी २३२ रुपये होती आणि वीस टक्क्यांचा बोनस दहावर आणला होता. त्यांनी युनियनच्या पुढाऱ्यांनाही जवळ येऊ दिलं नाही, आपलीच जूट बांधली, तिचं नाव 'पेम्पिळै ओरुमै', म्हणजे बायकांची एकी. मुन्नारचे रस्ते नऊ दिवस अडवून वीस टक्के पदरात पाडून घेतले. मजुरी ३०१ व्हायला नंतर आणखी झगडावं लागलं. आता ती त्याहून वाढली आहे, तरी तुमचं भाड्याचं गणित चुकत नाही. माझ्या हिशेबानेही एक रात्र म्हणजे महिनाच.

हे मला जाण्याआधी माहीत होतं का? थोडं होतं. लेखात का नाही आलं? सुट्टीत गळ्यात दगड कोण बांधून घेतो, म्हणून. राजमलैला नीलगिरी ताहर बघायला गेलो, त्या रानशेळ्यांवर मी दोन परिच्छेद लिहिले. त्याच बाजूला पुढे पेट्टिमुडी आहे. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री डोंगर खचला आणि मजुरांच्या चाळी, तिकडे त्यांना 'लयम' म्हणतात, झोपलेल्या माणसांसकट गाडल्या गेल्या. सत्तर जीव गेले. आपल्याकडे २०१९ ला पंचगंगा घरात शिरली तेव्हा कोण कुठल्या मजल्यावर अडकलं होतं, हे मी आजही नावानिशी सांगेन. पेट्टिमुडीबद्दल एक ओळ लिहिली नाही.

राहिला फोटो. त्यासाठी थोडं माझ्या माहेरचं सांगावं लागेल. वडिलांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होतं. मी कॉलेजात असताना पुण्याकडचे पाहुणे गुऱ्हाळ बघायला आले. काकवी प्याले, गरम गूळ खाल्ला, काहिलीजवळ उभ्या वडिलांचा फोटो काढला. पुढे त्यातल्या एकाने तो कुठल्याशा अंकात छापून आणला आणि अंक घरी पाठवला. खाली ओळ होती, 'साधी, समाधानी माणसं'. वडिलांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "समाधानी व्हय? आदण उतू चाललं हुतं, म्हणून दात इचकल्यात माझं."

आम्ही वर्षभर हसत होतो त्यावर. गुळव्यापासून चिपाडं सारणाऱ्या गड्यापर्यंत सगळे एकमेकांना 'समाधानी' म्हणून हाक मारायचे. आणि तीस वर्षांनी मी काय केलं? कात्री हातात घेऊन उतारावर उभ्या असलेल्या बाईचा फोटो काढला, विचारलं नाही, आणि खाली लिहिलं 'हसरे चेहरे'. परवा मोठा करून पाहिला. ती हसत नाहीये. ऊन डोळ्यांवर आलंय आणि ती डोळे बारीक करून, ही बाई वाटेतून कधी हलते ते बघते आहे. फोटो काढून टाकला आहे. ओळही.

महाराजांचा दाखला तुम्ही टोमण्यासारखा दिलात, तरी तो मला लागू पडला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळ्यांना महाराजांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढून दिलं, आणि त्यांच्या हातचा चहा कोण पितो या काळात स्वतः तिथे गाडी थांबवून प्याले, बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजला. चहा कुणाच्या हातून आला हे बघायची रीत या गावाची आहे. मुन्नारच्या मळ्यांत पिढ्यान्पिढ्या राबणारी बरीचशी कुटुंबं तामिळनाडूतून नेलेली दलित कुटुंबं आहेत. माझ्या लेखात चहाच्या रंगावर, वासावर, पेल्यावर लिहिलंय. हातांवर नाही.

पण तुमचं एक वाक्य मी मान्य करणार नाही: 'असल्या ठिकाणी जाणंच पाप'. का म्हणून? गुऱ्हाळावर पाहुणे आले याचं वडिलांना वाईट वाटलं नव्हतं. गूळ विकला गेला, बरं झालं म्हणाले. त्यांना झोंबली ती ओळ. आणि ऐषारामाचं म्हणाल, तर तुम्ही बाई आहात की बुवा हे नावावरून कळत नाही, तरी सांगते. त्या खोलीतली गादी, काचेची भिंत, न्हाणीतलं भलंमोठं टब हे सगळं आता आठवतही नाही. शिवाय हॉटेलवाल्यांनी दिलेला बिनदुधाचा कोरा चहा नवऱ्याने 'गरम पाणी' म्हणून परत पाठवला आणि आलं घालून उकळलेला मागवला. तो पोऱ्या इतका दुःखी झाला की मलाच त्याची समजूत काढावी लागली.

आठवतं ते एवढंच. सवयीने साडेपाचला जाग आली, बाहेर धुकं होतं, दारावर टकटक झाली आणि कुणीतरी चहा आणून हातात दिला. मी केलेला नाही. सत्तावीस वर्षांत बाळंतपणं आणि एक आजारपण सोडलं तर पहिल्यांदा. मी तो गार होईपर्यंत धरून बसले, शेवटी गारच प्याले.

फोटो गेला, गालिचा गेला, भाडं आणि पेट्टिमुडी आत आलं. साडेपाचच्या चहाचा परिच्छेद मात्र मी काढणार नाही.