मालकाचं उत्तर: ते ९९ तुमच्याच फाइलमधले होते, ताई

नमस्कार ताई,

सरासरी चुकली, चार दिवस लागले आणि दुरुस्तीचे तीनशे रुपये घेतले, असं तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय. तुम्हाला गाइडसमोर मान खाली घालावी लागली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. चार दिवस लागले हेही खरं. पण "यांनी माझा डेटा बिघडवला" हे वाक्य वाचून रात्रभर झोप लागली नाही. राजारामपुरीत चौदा वर्षं प्रबंधाच्या डेटाची टेबलं काढून द्यायचं काम करतोय. विद्यापीठाची पोरं एकमेकांना विचारून माझ्याकडे येतात, आणि आता आधी तुमचं हे वाक्य वाचतील.

म्हणून काय झालं ते सगळ्यांसमोर सांगतो. तुमच्या ४०० फॉर्मांपैकी २३ जणींनी जनावरं किती ते सांगितलं नव्हतं. तिथं तुम्ही डेटाबेसच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे अ‍ॅक्सेसमध्ये ९९ टाकले होते. ९९ म्हणजे 'उत्तर नाही', हे तुमच्या कोडबुकात, म्हणजे कुठल्या आकड्याचा अर्थ काय त्या यादीत, होतं आणि कोडबुक घरी होतं. टेबलात तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. रकाना मोकळा सोडला असता तर एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरनं तो आपोआप वगळला असता. ९९ दिसल्यावर त्यानं ९९ जनावरंच मोजली, आणि तीनची सरासरी साडेआठ झाली. 'मिसिंग'च्या रकान्यात ९९ भरल्यावर तीच फाइल, तोच डेटा, आणि सरासरी पुन्हा तीन. बिघडलं असतं तर ती परत आली असती का? कोडबुक आणा, असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. तुम्ही "गरज नाही, सोपं आहे" म्हणालात.

तरीही फ्रिक्वेन्सी, म्हणजे कुठला आकडा किती वेळा आला ते, काढून बघणं माझं काम होतं. दूध घालणाऱ्या एकेका घरात ९९ म्हशी कशा असतील, एवढं कोल्हापुरात राहणाऱ्याला कळायला हवं होतं. ती चूक माझी.

दिवसांचं म्हणाल तर फाइल शनिवारी संध्याकाळी आली. आमचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस ३२ बिटचं, एसपीएसएस ६४ बिटचं, आणि त्याला तुमची फाइल वाचायला लागणारा जोडप्रोग्राम, म्हणजे ओडीबीसी ड्रायव्हर, ६४ बिटचाच लागतो. दोन्ही एका मशिनवर सुखानं नांदत नाहीत, म्हणून दुसरं मशिन तयार करण्यात दीड दिवस गेला. डेटाची साधी टेक्स्ट फाइल, म्हणजे सीएसव्ही, काढून एक्सेलमध्ये उघडली असती तर तासाभरात दिलं असतं. पण मग तुमच्या फॉर्म नंबरातल्या ०३१२ चं ३१२ झालं असतं. त्यातले पहिले दोन आकडे गावाचे. कुठली बाई कुठल्या गावची, हेच राहिलं नसतं. घाई करून तसं द्यायला माझं मन धजलं नाही.

आणखी एक, तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. 'कर्ज घेतलं का' या रकान्यात 'येस' असेल तिथं सगळीकडे -१ आले होते, कारण अ‍ॅक्सेस 'येस' आतमध्ये तसंच साठवतो. ते सगळे १ करून दिले, त्याचा एक रुपया लावला नाही. तीनशे रुपये दुरुस्तीचे नव्हते, तुम्ही नंतर वाढवलेल्या दोन क्रॉसटॅबचे, म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरं एकत्र मांडणाऱ्या टेबलांचे, होते. तरी मनात राहिलं असेल तर येऊन घेऊन जा.

यापुढे कोडबुकाशिवाय काम हातात घेणार नाही. वेळेचंही काहीतरी बघतोय. तुमची दुरुस्त फाइल मशिनवर तशीच ठेवली आहे. प्रबंध सबमिट होईपर्यंत कुठलंही टेबल पुन्हा काढायचं असेल तर या, पैसे घेणार नाही. आणि जमलं तर ते एक वाक्य तेवढं बदला, ताई.