आमच्या बाळ्याच्यानं नाही व्हायचं

दर रविवारी रात्री नऊला आमच्या घरात खून पडतात. हॉलमध्ये मी, बायको, लेक मुक्ता आणि आई. नाशिकहून ताई आणि भावोजी, न्यू जर्सीहून भाचा. तिकडे तेव्हा सकाळ असते, त्यामुळे त्याचा खून ब्रश करतानाही होतो.

फोनवरच्या या खेळाचं नाव 'अमंग अस'. 2018 साली आला तेव्हा त्याला कुणी फारसं विचारलं नाही. 2020 मध्ये जग दारं लावून बसलं आणि अक्षरशः हात धुऊन त्याच्या मागे लागलं. आमच्याकडे लॉकडाउन संपला, खेळ राहिला.

अंतराळयानात आपण सगळे कामकरी. यानभर हिंडून वायरी जोडायच्या, कचरा ओतायचा, इंजिनात इंधन भरायचं. आपल्यातलाच एक जण इम्पोस्टर. आई त्याला तोतया म्हणते, आणि तिचा शब्द मला जास्त पटतो. तोतया कामं केल्याचं नाटक करतो, एकटा माणूस गाठून मारतो आणि जमिनीतल्या झडपेत शिरून भलत्याच खोलीत उगवतो. प्रेत दिसलं की बोंब ठोकायची, मग सभा, आरोप, मतदान. ज्याला जास्त मतं तो यानाबाहेर. सगळी कामं पुरी झाली किंवा तोतया सापडला तर आपण जिंकलो. तोतयाला त्याच्यासमोर एकच जण उरेपर्यंत माणसं कमी करायची असतात, तसं झालं की तो जिंकला.

भाचा सांगतो, याचं मूळ 1986 मध्ये मॉस्को विद्यापीठात आहे. तिथे मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफनं 'माफिया' नावाचा खेळ काढला. सगळं ठाऊक असलेले मूठभर विरुद्ध काहीच ठाऊक नसलेले पुष्कळ. पुढे 1997 मध्ये अँड्र्यू प्लॉटकिननं त्यातल्या माफियांचे नरवृक, म्हणजे लांडगा होणारी माणसं, केले. मला यात मॉस्कोचं काही कौतुक वाटलं नाही. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही चिठ्ठ्या टाकून राजा-राणी-चोर-शिपाई खेळलोच होतो की. चोराची चिठ्ठी आली की माझे कान लाल व्हायचे. शिपाई कुणीही असो, चिठ्ठी उघडायच्या आत बोट माझ्याकडे.

मुक्तानं मला रीतसर शिकवलं. सभेत आधी जागा सांगायची, मग रंग, मग सोबत कोण होतं ते. थोडक्यात. "बाबा, निर्दोष माणूस फार बोलतो आणि त्यातच मरतो." 'प्रेत कुठे सापडलं?' असं सगळ्यांच्या आधी विचारणाऱ्यावर लक्ष ठेवायचं असतं, कारण सराईत तोतया हेच विचारतो. काम करणाऱ्याजवळ उभं राहून, किती कामं झाली ते दाखवणारी वरची हिरवी पट्टी सरकते का तेही बघायचं. एखादा काम आटोपून निघाला आणि पट्टी ढिम्म, तर समजून जायचं.

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. उपयोग शून्य. कारण आमच्या घरातलं मतदान खेळात काय घडलं यावर होतच नाही.

उदाहरणार्थ, ॲडमिन नावाच्या खोलीत कार्ड सरकवायचं काम असतं. बोटानं कार्ड डावीकडून उजवीकडे न्यायचं, बस. मी नेतो. यंत्र म्हणतं, फार वेगात. पुन्हा नेतो. फार हळू. सत्तावीस वर्षं डोंबिवलीहून लोकलनं जातोय, चालत्या गाडीत नेमकं पाऊल ठेवतोय, पण हे कार्ड मला जमलेलं नाही. पाच मिनिटं मी तिथेच खिळलेला, तोवर पलीकडे भावोजींचं प्रेत.

"तपकिरी कुठे होता?" तपकिरी म्हणजे मी. बरे रंग आधीच वाटले गेले होते.

"कार्ड सरकवत होतो."

"इतका वेळ?" ताई.

"अहो, खरं सांगा," बायको म्हणाली. "गिझर बंद केला म्हणून असंच छातीठोक सांगितलं होतंत आणि आपण गणपतीपुळ्याहून परत येईपर्यंत तो चालू होता."

"मामा सस आहे," न्यू जर्सी. संशयास्पद माणसाला ही मुलं सस म्हणतात. आईला पहिले दोन महिने ते सासू ऐकू येत होतं आणि ती उगीच घुश्श्यात असायची.

मग ताईनं आमरसाचं प्रकरण काढलं. त्यात मी दोषी होतो, पण तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पाच मतांनी मला अंतराळात फेकलं. पडद्यावर अक्षरं आली की तपकिरी इम्पोस्टर नव्हता. यावर "अरेच्चा!" एवढंच.

वैद्यकीय खोलीतल्या स्कॅनरवर उभं राहिलं की अंगावर हिरवा प्रकाश पडतो. तोतयाला ते जमत नाही, त्यामुळे कुणी पाहिलं तर आपण सुटलो. मी जातो, उभा राहतो, प्रकाश पडतो, आणि बघायला चिटपाखरू नसतं.

मेलेल्यांनी गप्प बसायचं, हा खेळाचा सगळ्यांत मोठा नियम, कारण भुतांना सगळं दिसतं. नाशिक आणि न्यू जर्सीची भुतं माइक बंद करतात. आमचं घरचं भूत सोफ्यावर माझ्या शेजारी. "मी मेलेय म्हणून गप्प आहे," आई म्हणते, "नाहीतर हिरवी कशी त्या भोकातून बाहेर आली ते सांगितलं असतं." हिरवी म्हणजे मुक्ता. मग मुक्ताचा थयथयाट आणि डाव मोडतो.

तर गेल्या ऑक्टोबरातला एक रविवार. डाव सुरू झाला आणि माझ्या फोनवर लाल अक्षरांत 'इम्पोस्टर'. कान तापले. मी उठलो, कपाटातून कानटोपी काढली आणि घालून बसलो. बाहेर घामाच्या धारा लागाव्यात असा उकाडा.

"सर्दी झाली का रे?" आई म्हणाली. बाकी कुणी मान वर केली नाही.

इलेक्ट्रिकलमध्ये भाचा वायरी जोडत होता. मारला. झडपेतून थेट वैद्यकीय खोलीत. इतकं सोपं असतं हे? सभेत मी गोंधळून खरंच बोलून गेलो. "मी इलेक्ट्रिकलमध्येच होतो."

"वायरी जुळत नसतील," भावोजी म्हणाले. "रंग दिसतात ना नीट? तपासून घ्या एकदा." आणि ताईला बाहेर काढलं, कारण ती फार शांत होती.

मग आईला मारलं. मारणारा कोण ते मरणाऱ्याला दिसतं. तिनं फोन मांडीवर ठेवला, चष्मा वर केला आणि ओठ घट्ट मिटून माझ्याकडे पाहिलं. नववीची मार्कशीट मी गादीखाली ठेवली होती तेव्हा बाबांच्या देखत तिनं अस्संच पाहिलं होतं. मेल्यावर पहिल्यांदा ती काही बोलली नाही.

दिवे घालवले, दुरुस्तीला आलेल्या भावोजींना अंधारात उरकलं. उरलो तिघं. प्रेत मुक्ताला दिसलं.

"आईच आहे," मुक्ता म्हणाली.

"मी? ही कार्टी आहे अहो!"

"बाबा असेल?" मुक्तानं स्वतःलाच विचारलं आणि दोघी मनापासून हसल्या. "यांना? सिलिंडर लावायला वॉचमनला बोलावतात हे."

पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, 1776 मध्ये त्यानं कोकणात धुमाकूळ घातला आणि शेवटी पुण्यात त्याला देहांत शासन झालं. निदान त्याला तोतया म्हणून मान्यता तरी मिळाली. मी तीन मुडदे पाडून, उकाड्यात कानटोपी घालून बसलो होतो.

"मीच आहे," मी म्हणालो. "तिघांनाही मीच मारलं."

क्षणभर शांतता. मग बायकोचा आवाज हळवा झाला. "बघ, तुझ्यासाठी स्वतःवर घेतायत."

"माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी!"

दोघींनी एकमेकींना मत दिलं. मी तत्त्व म्हणून स्वतःला दिलं. तिघांना एकेक मत, कुणीच बाहेर नाही. सभा संपली. गुलाबी बायको तुरुतुरु माझ्याजवळ आली.

"अहो, माझ्या मागे मागे या. एकटे फिरू नका, ती मारेल तुम्हाला."

मी मागे मागे गेलो. इलेक्ट्रिकलच्या कोपऱ्यात ती वळून माझी वाट बघत थांबली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ती माझ्यासाठी थांबल्याचे प्रसंग मोजके आहेत. मी बटण दाबलं.

सगळ्यांच्या फोनवर एकट्या तपकिरीचं चित्र झळकलं. न्यू जर्सीचा माइक सुरू झाला, पण त्यातून फक्त हसू येत होतं. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी कानटोपी काढली.

"चुकून दाबलं गेलं असेल गं त्याच्याकडून," आई तिला म्हणाली.