चवथीची गोळी आणि पन्नाशीतलं जेल

फोंड्याच्या माझ्या वहिनीला पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी पाळी जातानाच्या त्रासावर हॉर्मोन उपचार (एचआरटी) सुचवले. रात्री घामाने उशी भिजते, झोप उडालेली. पण घरात निकाल आधीच लागला: "ते नको, रक्तात गुठळ्या होतात."

भीती हवेतून आलेली नाही. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीतला एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हॉर्मोनांच्या गोळीचा भाग २००२ साली मध्येच थांबवावा लागला. शिरांतल्या गुठळ्या वर्षाला हजार बायकांमागे सुमारे १.७ वरून ३.५ वर गेल्या होत्या. 'दुप्पट' घरोघर पोचलं, हजारात जेमतेम दोन जास्त हे राहून गेलं. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, तेही कुणी सांगत नाही.

तोंडाने घेतलेलं एस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जातं. रक्त गोठवणारे घटक तिथेच बनतात. ते वाढतात आणि गोठणं आवरणारं अँटिथ्रोम्बिन कमी होतं. कातडीवर चिकटवायचा पॅच किंवा चोळायचं जेल असेल तर औषध कातडीतून थेट रक्तात उतरतं, यकृतावरचा तो पहिला मारा टळतो. फ्रान्सचा 'एस्थर' अभ्यास झाला, २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदीही तपासल्या गेल्या. कातडीवाटे घेणाऱ्यांत गुठळ्या वाढलेल्या दिसल्या नाहीत. (स्तनाच्या कर्करोगाचा हिशेब वेगळा, तो यात मिसळू नये.)

इथे इंग्लंडमधल्या स्विंडनला, जिथे गोंयकार पावलोपावली भेटतात, वारं उलट्या दिशेने वाहतंय. इंग्लंडमध्ये २०२३ पासून एचआरटीच्या औषधांसाठी वर्षाचे पैसे एकदाच भरता येतात. सोय उत्तम. पण कामावर कुणी थकली म्हणाली की लगेच "पॅच लाव की!" थायरॉइड तपासलंय का, हे विचारायला कुणाला सवड नाही. हा उत्साहही मला पटत नाही.

तरी मला खरा राग येतो तो आपल्याकडच्या एका गोष्टीचा. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की पाळी पुढे ढकलायची गोळी घरात सहज येते. सासूच सुनेला सांगते, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय पट्टी देतो. ती नॉरएथिस्टेरॉन. दिवसाला तीन गोळ्या घेतल्या की तिचा थोडा भाग शरीरात एथिनिल एस्ट्राडिओल होतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांमधलं एस्ट्रोजेन, आणि गुठळीचा धोका वाढवणारं. इंग्लंडमध्ये ही गोळी देण्याआधी विचारतात: घरात कुणाला गुठळी झाली होती का, सिगारेट ओढता का, लांबचा विमानप्रवास आहे का? फोंड्यात देवाच्या नावाखाली हे प्रश्न माफ, आणि वहिनीच्या उपचारांवर मात्र अख्खं घर डॉक्टर झालेलं.

वहिनीला मी फोनवर एवढंच म्हटलं, "डॉक्टरांना विचार, गोळी देताय की जेल? आणि तुझ्या आईचा पाय बाळंतपणानंतर सुजला होता ना, तीही गुठळी असेल कदाचित, ते आधी सांग त्यांना."