तयार बोर्ड म्हणजे तयार उत्पादन नव्हे

इलेक्ट्रॉनिक्स आणि फर्मवेअर (उपकरणातल्या चिपवर चालणारा कोड) या क्षेत्रातील उत्पादन-अभियंत्याचे करिअर आता संपत आले आहे, असा दावा विद्यार्थ्यांमध्ये सतत फिरत असतो. त्यामागे तीन कारणे दिली जातात: सर्किट बोर्ड तयार मिळतात, कोड एआय लिहून देते आणि इथले ज्ञान पाच वर्षांत जुने होते. या कारणांवर विसंबून कोणी आवडीची वाट सोडत असेल तर त्याचे मला वाईट वाटते, कारण तिन्ही तपासून पाहिली की टिकत नाहीत.

तयार बोर्डांचा मुद्दा सर्वांत पटण्याजोगा आहे. 2005 मध्ये आर्डुइनो हा सहज प्रोग्राम करता येणारा तयार बोर्ड आला आणि टेबलावर चालणारा नमुना उभा करणे खरोखरच सोपे झाले. मात्र सीआर2032 या नाण्याएवढ्या सेलवर वर्षभर चालणारा सेन्सर बनवायचा आहे, असे धरा. सेलची क्षमता सुमारे 225 मिलिअँपिअर-तास आणि वर्षाचे तास 8,760. म्हणजे सरासरी 26 मायक्रोअँपिअरच्या आत सगळे बसवावे लागते. तयार बोर्डावरचा पॉवर एलईडी 1 मिलिअँपिअर घेत असेल, तर तो एकटाच हा सेल नऊ-दहा दिवसांत संपवतो. एलईडी काढला तरी व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरचा स्वतःचा वीजखर्च, स्लीपमध्ये (वीज वाचवण्याच्या झोपेत) जाताना अधांतरी सोडलेली पिन आणि रेडिओ सुरू होताना क्षणभर कोसळणारे व्होल्टेज उरतेच. हे शोधायला सर्किट आणि कोड दोन्ही एकाच माणसाला कळावे लागतात, आणि अभियंत्याला पगार मिळतो तो याच कामाचा.

एआयकडून ड्रायव्हरचा (हार्डवेअरचा एखादा भाग चालवणाऱ्या कोडचा) सांगाडा लिहून घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही. पण दर मिनिटाला फ्लॅशमधले (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतले) एकच पान पुसून त्यावर नवी नोंद करणारा कोड वाचायला निर्दोष दिसतो, कंपाइल होतो, दिवसभराच्या चाचणीतही पास होतो. ज्या फ्लॅशची हमी 10,000 वेळा पुसण्याची आहे, तिची मर्यादा मात्र सात दिवसांच्या आत ओलांडली जाते. डेटाशीटमधली (चिपच्या तांत्रिक माहितीपत्रकातली) ती एक ओळ आठवून कोडवर बोट ठेवणारा अभियंता नसेल, तर हा दोष ग्राहकाच्या हातात गेल्यावरच उघड होतो.

ज्ञान जुने होण्याविषयी एवढेच सांगतो की फिलिप्सची 1982 मधील आय-टू-सी बस (चिप एकमेकींशी बोलतात ती दोन तारांची जोडणी) आजच्या नव्या सेन्सरांतही आहे, आणि तिच्या तारा वरच्या व्होल्टेजला ओढून धरणारा पुल-अप रेझिस्टर चुकला की सिग्नलची चढती कड ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) आजही तशीच मंदावलेली दिसते. चिप बदलतात, टूल्स बदलतात. 2021 च्या चिपटंचाईत तर मिळेल त्या मायक्रोकंट्रोलरवर (उपकरण चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपवर) डिझाइन हलवावे लागले, आणि ते काम मूळ सर्किट समजलेल्यांनाच करता आले.

या करिअरची खरी अडचण त्या दाव्यात आलेलीच नाही. बोर्डाची नवी आवृत्ती हाती यायला अनेकदा काही आठवडे जातात, त्यामुळे चूक उशिरा कळते आणि अनुभव सावकाश साचतो. हे क्षेत्र निवडायचे की नाही, हे ठरवताना विद्यार्थ्यांनी विचार करावा तो या संथपणाचा.