स्क्रू ड्रायव्हर वर यायचा थांबला म्हणजे टीडीसी आला का?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की स्पार्क प्लगच्या भोकात लांब स्क्रू ड्रायव्हर सोडला आणि तो वर यायचा थांबला की टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो तो बिंदू, सापडला. पिस्टन स्टॉप (प्लगच्या भोकात बसवून पिस्टनला अडवणारा तुकडा), डिग्री व्हील (क्रँकवर बसवायची अंशांची तबकडी) हा खटाटोप कशाला? शिवाय पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन मध्यापासून थोडी सरकवलेली असते, तेव्हा पिस्टन दोन्ही बाजूंनी अडवून मिळालेल्या दोन खुणांचा मध्य काढणंही चूकच.

व्हॉल्व्हचा गॅप तपासायला तुमची पद्धत पुरते, हे मान्य. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट जुळवताना मात्र ती दगा देते. ८० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वरपासून खालपर्यंतची चाल) आणि १४० मिमी कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं) इंजिन धरा. टीडीसीपासून क्रँक १ अंश फिरला, तर पिस्टन उतरतो जेमतेम ०.००८ मिमी. ५ अंशांनीही ०.२ मिमीच. हाताला यातलं काय कळणार? वर प्लगचं भोक तिरकं असेल तर स्क्रू ड्रायव्हर अडकून पिस्टनवर ओरखडा उठतो तो वेगळाच.

तोच पिस्टन ३० अंशांपाशी दर अंशाला ०.४ मिमीहून जास्त हलतो. म्हणून त्याला तिथे अडवायचं. बॅटरीची वायर सोडवा, सगळे प्लग काढा, स्टॉप बसवा आणि क्रँक पान्यानेच फिरवा. पिस्टन टेकला की आकडा लिहा, मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा. एकीकडे ३२ आणि दुसरीकडे २६ आले, तर व्हीलवरचं माप दाखवणारा काटा असा सरकवा की दोन्हीकडे २९ येतील; मधलं शून्य हाच टीडीसी. उलट फिरवताना क्रँकचा बोल्ट सैल होऊन व्हील सरकलं तर सगळं मोजमाप वाया जातं. माझ्या मते या कामातली सगळ्यात मोठी चूक हीच. आणि मध्येच अडलं तर जोर लावू नका, उघडा व्हॉल्व्ह स्टॉपला लागलेला असू शकतो.

पिनचा मुद्दा फार चांगला काढलात, म्हणून गणित करून पाहिलं. याच इंजिनात पिन १ मिमी सरकवली, तर टीडीसी सुमारे ०.३ अंशाने सरकतो. पण दोन खुणांचा मध्यही त्याच दिशेला, जवळपास तितकाच सरकतो. उरणारा फरक ०.०१ अंशाच्या आसपास. तो डिग्री व्हीलवर वाचताच येणार नाही.

राहिली क्रँकच्या पुलीवरची कंपनीची टीडीसीची खूण. रबर असलेल्या डँपरची (हादरे शोषणाऱ्या पुलीची) बाहेरची कडी जुनी झाली की जागची घसरते, आणि खूण तिच्याबरोबर जाते. स्टॉपने शून्य काढल्यावर ती खूण एकदा ताडून पाहा.